मंडपाच्या कापडाखाली बावीस मुली

सिंधूताईंनी तंबूचं कापड उजेडाकडे धरलं आणि त्यांचं डोकंच सणकलं. कापडातून पलीकडचा धरमपेठेचा रस्ता दिसत होता, सायकलींसकट.

"काहून हो नत्थूजी, हा तंबू आहे का लग्नाचा मंडप?"

तंबू-गाद्या भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्राचे मालक नत्थूजी गादीवरून हललेसुद्धा नाहीत. "मंडपाचंच कापड आहे, बाई. दहा वर्सं लावून राहिलो, लग्नात एक थेंब गळला नाही."

"गळन कसा? लग्नं तुमची मे महिन्यातली!"

सिंधूताई शिकवत त्या कन्याशाळेच्या बावीस मुली शिबिरासाठी चार दिवस उमरेडपुढच्या जंगलात राहणार होत्या. डिसेंबरातलं दव, वर आभाळ भरलेलं. एक जरी पोर तापानं फणफणत घरी आली, तर मुलींचं शिबिर कायमचं बंद, असं मुख्याध्यापकांनी बजावूनच ठेवलं होतं. आणि इथे वर माळ्यावर ताडपत्रीचे सहा जाड तंबू सिंधूताईंना डोळ्यांनी दिसत होते.

"ते पोरांच्या शाळेसाठी ठेवले," नत्थूजी म्हणाले.

"त्यांनी मागितले?"

"मागतीलच नं. पोरं खरंच जंगलात जातात. पोरींचं काय, बाप ऐनवेळी नाही म्हणते, अन् शिबिर होते शाळेच्या पटांगणात. तेवढ्याले हे कापड लय झालं."

काय माणूस आहे! सिंधूताईंसाठी काढून ठेवलेल्या गाद्या समोरच होत्या. त्यांनी ते कापड गाद्यांवर पसरलं, दारातली पाण्याची बादली उचलली आणि वर उपडी केली. गाद्या बघता बघता चिंब.

"अवं बाई, माह्या गाद्या!" नत्थूजी धावले.

"गाद्यांचा एवढा कळवळा? त्यांच्यावर माह्या पोरी निजणार होत्या!"

मग त्यांनी पिशवीतून संमतीपत्रांचा गठ्ठा काढला आणि त्यातलं एक नत्थूजींच्या हातात दिलं. "बाप नाही म्हणतात काय? हे वाचा."

नत्थूजींनी वाचलं. जयवंता नत्थूजी बोरकर. त्यांचीच पोर. खाली तिच्या आईचा, मनकर्णाचा, अंगठा.

नत्थूजींचा चेहरा उतरला. त्यांनी शिडी लावली, ताडपत्रीचा एक तंबू खाली आणला आणि त्यावर एक कोरी रजई ठेवली.

"याच्यात जयवंताले निजवजा, बाई."

सिंधूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकच? लाज नाही वाटत? बरं, असं करते. याच्यात दुसऱ्या पोरी निजवते, अन् मंडपाचं कापड देते तुमच्या जयवंताले!"

नत्थूजी मुकाट्यानं परत शिडी चढले. दुसरा तंबू खाली आला, तिसरा आला. सिंधूताई एकेक उलगडून शिवण तपासत होत्या. पाच झाले, तेव्हा वरूनच पडलेल्या आवाजात प्रश्न आला.

"मनकर्णानं मले काहून नाही विचारलं, बाई?"

सिंधूताईंनी मान वर केली. "विचारलं असतं, तं जाऊ देलं असतं?"

सहावा तंबू नत्थूजींनी वरून असा आपटला, की दुकानभर धूळ उडाली.