निळी चकती

सुज्ञ वाचकहो, एका खोट्या विजयाची खेदजनक हकिकत येथे सादर करीत आहे. ती चित्त स्थिर ठेवून वाचावी.

विट्याचा अवधूत सांगलीत सोने गाळण्याचे दुकान चालवीत असे. त्याचा धाकटा चुलतभाऊ वीरधवल सैन्यात होता. तो सुट्टीवर आला की दोघे सुट्या, बदलता येणाऱ्या चकत्यांचे भोवरे घमेल्यात झुंजवीत. ज्याचा भोवरा बाहेर उडेल तो हरला, आणि हरणाऱ्याने आपली चकती द्यावी, असा त्यांचा नेम होता.

गेल्या सुट्टीत अवधूतने आपल्या भोवऱ्यात गुपचूप शिसे ओतले आणि वीरधवलची लाडकी निळी चकती जिंकून घेतली.

"आवं दादा, तुमचा भोवरा लय भाकरी खातोय वाटतं! एकदा काट्यावर ठेवा की."

"हरलास तर हरलास म्हण की रं गड्या!" अवधूत हसला.

पलटणीकडे परतताना वीरधवल वाटेतच अपघातात गेला.

तेराव्यानंतर एका दुपारी अवधूतने शिसे काढून टाकले आणि आपला भोवरा एकटाच घमेल्यात सोडला.

टक्! घमेल्यात दुसरे काहीही नसताना भोवऱ्याला धडक बसली. दुसऱ्या धडकेसरशी तो बाहेर उडाला आणि फरशीवर निपचित पडला. रिकाम्या घमेल्यातील फिरत्या भोवऱ्याची घरघर मात्र थांबली नाही.

अवधूत घमेल्यापाशी गुडघ्यांवर बसला. "चुकलो रं, धवल्या. शिसं घातलं हुतं मी. घे तुझी चकती."

त्याने निळी चकती अलगद घमेल्यात ठेवली.

टक्! चकती उडून त्याच्याच पायाशी येऊन पडली, आणि पुढच्या झुंजीची वाट पाहत असल्यासारखी घरघर चालूच राहिली.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा ऋणी,
ज्ञानदेव पाटोळे, विटा