खिडकीजवळची जागा

रविवारच्या उपासनेत पाळकांनी साक्ष द्यायला बोलावलं, तशी नर्सबाई मुलाचा हात धरून पुढे गेली.

"सहलीच्या बसला ट्रकनं धडक दिली, त्याच्या जरासं आधी यानं आपली खिडकीजवळची जागा दुसऱ्याला दिली," ती म्हणाली. "त्याला ही बुद्धी कुणी दिली? प्रभूनंच. त्यानं माझी प्रार्थना ऐकली."

सगळे "आमेन" म्हणाले. तिसऱ्या बाकावरून एक आमेन जरा मागाहून आलं. तो आवाज तिच्या शेजारणीचा होता, कपडे शिवून घर चालवणाऱ्या बाईचा. तो 'दुसरा' म्हणजे तिचा मुलगा. त्याला मातीआड करून पंधरवडाही झाला नव्हता. आपण काय बोलून बसलो, ते नर्सबाईच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

उपासना सुटल्यावर तिनं शेजारणीला फाटकाशी गाठलं.

"ताई, माझी जीभ कशी झडली नाही. तुम्ही समोर बसलाय, याचंही भान राहिलं नाही मला."

"असं नको म्हणूस. खोटं काय बोललीस त्यात?" नर्सबाईच्या मुलाची मुडपलेली कॉलर शेजारणीनं सवयीनं सरळ केली, आणि तिचा हात तिथेच राहिला. "देव ऐकतो गं. माझ्या पोराला बस लागायची ना, निघताना रडकुंडीला आला होता. म्हणून त्या सकाळी मी गुडघे टेकून एवढंच मागितलं होतं, त्याला खिडकीजवळ जागा मिळू दे."