हलू नका

आई गेल्याला दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून बाबा देवदत्तशी कामापुरतंच बोलत. नेदरलँड्सला, ग्रोनिंगनमध्ये त्याच्याकडे येऊन आठ दिवस झाले, तरी तो समोर येऊन बसला की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. त्या आठवड्यात गावाबाहेरचं तळं चक्क गोठलं. देवदत्तने ऑफिसातल्या डच मित्राकडून बर्फाला भोक पाडायचं गिरमिट आणि हातभर लांबीची गळाची काठी मागून आणली आणि बाबांना मासे धरायला घेऊन गेला. दोघांचीही पहिलीच वेळ.

दुसरं भोक पाडताना बर्फ कडाडला आणि भेग थेट काठापर्यंत गेली. देवदत्तने घाबरून आणीबाणीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "एकमेकांपासून लांब, पालथे झोपा. अग्निशमन दल येईपर्यंत हलू नका."

दोघं समोरासमोर तोंडं करून पडून राहिले. आता उठून जायची सोय नव्हती.

"आईच्या वेळी मी वेळेत पोचलो नाही, म्हणून रागावलात ना?" देवदत्तने विचारलं.

"तुझ्यावर? अरे, डॉक्टरांनी महिनाभर आधीच सांगितलं होतं. तुला कळवायचं नाही, हे मीच ठरवलं. तेव्हापासून तुझ्या तोंडाकडे बघवत नाही मला."

देवदत्त म्हणाला, "त्या महिन्यात ती काय काय बोलली, ते सांगा."

बाबा सांगू लागले.

 

नारिंगी सूटमधला माणूस शिडी सरकवत जवळ आला, तेव्हा थंडीने दात वाजत असतानाही बाबा म्हणाले, "त्याला जरा थांब म्हणावं, माझं अजून सांगून व्हायचंय."