अनावश्यक आवाज

"बेचाळीसच्या बेचाळीस?" सरांनी विचारलं.

"बेचाळीसच्या बेचाळीस," रेकॉर्डिंगच्या खोलीतली बाई म्हणाली. सगळं कॉलेज तिला पाठीमागे कात्रीबाई म्हणायचं. प्राध्यापकांच्या व्याख्यानांतले खोकले, फोनच्या घंट्या, 'काय बरं म्हणत होतो मी' असलं सगळं ती कापून काढायची आणि स्वच्छ व्हिडिओ सामायिक संग्रहात टाकायची. तिथून ते तीसेक कॉलेजांतल्या वर्गांत जायचे. "स्वच्छ प्रत संग्रहात गेली की मूळ फाइल पुसून टाकतो आपण. जागाच नसते, सर. तुमच्या पुसून दोन महिने झाले."

सरांची बायको जाऊन एक महिना झाला होता.

गणिताची ही व्याख्यानं सरांनी घरीच, आतल्या खोलीत फळा लावून चित्रित केली होती. फोन धरायला बायको. पाऊण पाऊण तास ती हात न हलवता उभी राहायची. व्याख्यान संपलं की फोनमागून विचारायची, "झालं का? बंद करू?" कधी म्हणायची, "आज फार भरभर बोललात." कधी नुसतं, "हात भरून आला हो."

"मला व्याख्यान नकोय," सर म्हणाले. "शेवटचं तेवढं हवंय. 'झालं का' एवढंच. कुठल्याही एका फाइलचं चालेल."

घरात तिचे फोटो ढिगानं होते. आवाज कुठेच नव्हता; फोनमधली व्याख्यानं कॉलेजला दिल्यावर सरांनीच पुसली होती. जी बाई चोवीस तास घरात, तिला फोन कोण करणार आणि तिचं बोलणं कोण साठवून ठेवणार?

कात्रीबाईनं कपाटातून एक फाइल काढली आणि त्यातला, व्हिडिओ देताना भरून द्यायचा एक छापील कागद त्यांच्यापुढे ठेवला. "राग मानू नका, सर. पण हे पाहिलं नाहीत, तर तुम्हाला आयुष्यभर वाटत राहील की मीच आगाऊपणा केला."

'अनावश्यक आवाज काढावेत' या ओळीपुढच्या चौकटीत बरोबरची खूण होती. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'विशेषतः घरातले.' त्याखाली दोन रेघा, पेपर तपासताना मारायचे तशाच. अक्षर सरांचं होतं. माणूस आपल्याच पायावर धोंडा मारून घेतो तो असा. त्या घटकेला दुखत नाही एवढंच.

त्यांनी कागद परत केला, चष्मा पुसला आणि उठले. "येतो."

ते दारापर्यंत गेले, तेव्हा ती म्हणाली, "सर, सतराव्या व्हिडिओत काकूंचा आवाज आहे."

सर वळले.

"काढायलाच बसले होते मी. पण तुम्ही फळ्यावर चुकला होतात आणि ती चूक काकूंनीच सांगितलीय. तेवढं कापलं तर मुलांना कळणारच नाही की तुम्ही मध्येच पुसून काय बदललंत. म्हणून राहू दिला." ती किंचित हसली. "गाजलंय ते. एका कॉलेजात शिक्षक फळ्यावर काही विसरले की मुलं काकूंसारखं टोकतात म्हणे."

तिनं खुर्ची पुढे ओढली, हेडफोन त्यांच्या कानांवर स्वतः चढवला आणि व्हिडिओ नेमक्या जागी लावून दिला. पडद्यावर निळ्या शर्टातले सर पाठमोरे उभे होते. दुसरी ओळ लिहिताना वजाचं चिन्ह गळलं. तसेच पुढे लिहीत गेले.

"अहो, वजा राहिलं..."

अगदी हळू. झोपलेलं मूल उठू नये म्हणून दार लावावं तसं. दहावी नापास बाई. पण सतरा दिवस हात ताणून उभी राहिली होती आणि कान काही मिटलेले नव्हते. सरांना हुंदका आला. तो त्यांनी लपवला नाही.

पडद्यावरचे सर मात्र मागे वळलेच नाहीत. तिचं वाक्य संपायच्या आत म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस गं." मग बोटानं पुसून गुपचूप वजाचं चिन्ह घातलं आणि पुढे शिकवू लागले.

सरांनी ते तीनदा ऐकलं.

"तिचं ठेवून माझं काढता येईल का?"

"नाही हो, सर. दोन्ही एकमेकांवर चढलेत. 'राहिलं'वरच तुमचं 'तू' सुरू होतं. तुमचं काढलं की त्यांचंही जातं."

त्यांनी मान हलवली. हेडफोन मात्र काढला नाही. व्हिडिओ चालू ठेवला आणि उरलेलं व्याख्यान, आपलंच, एखाद्या मुलासारखं मुकाट्यानं ऐकत बसले. कात्रीबाई आपल्या कामाला लागली. वीस-बावीस मिनिटांनी पडद्यावरच्या सरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि फोनकडे पाहिलं. सर पुढे झुकले. व्हिडिओ तिथेच संपला.

"इथे," ते म्हणाले, "इथे ती 'झालं का' म्हणाली असणार. ते कापलंत ना? किती होतं?"

कोणत्या व्हिडिओतून काय काढलं याची तिच्याकडे वही होती. तिनं ती उघडली आणि ओळींवरून बोट फिरवत खाली आली. पंधरा, शेवटून चार सेकंद. सोळा, शेवटून सहा सेकंद. मग तिचं बोट थांबलं आणि तिनं वही मिटायला घेतली.

"सांगा," सर म्हणाले.

"सतराव्याच्या शेवटी कापायला काही नव्हतं, सर. त्या दिवशी पुढे काकू काही बोलल्याच नाहीत."