थापाड्याची साक्ष

टाकी सकाळी प्लंबरनेच भरली होती, आणि आता तिच्यात उतरायची पाळीही त्याचीच होती.

बाप्तिस्म्याच्या आधी साक्ष द्यायची, म्हणजे देव खरा आहे हे आपल्याला कसं पटलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, असा त्या चर्चचा रिवाज. त्याशिवाय पाळकसाहेब कुणाला पाण्यात घेत नसत. खाटकाची साक्ष झाली, त्याला तापात लख्ख उजेड दिसला होता. शिंपिणीची झाली, तिला झोपेत कुणी नावानं हाक मारली होती. आता सगळे बाकांवर सरसावून बसले. कारण प्लंबर म्हणजे एक नंबरचा थापाड्या. एकदा म्हणे त्याने तुंबलेल्या पाइपातून जिवंत मासा काढला होता. दर वेळी सांगताना तो मासा वीतभर वाढायचा. हल्ली त्याला उचलायला तीन माणसं लागत.

पहिल्या बाकावर त्याची बायको पर्स मांडीवर धरून बसली होती. ती जन्मापासून याच मंडळीतली. निघताना तिने बजावलं होतं, "अहो, आजवर लोकांना बनवलंत, चालवून घेतलं. पण देवाच्या नावानं एक जरी थाप मारलीत, तर मी उठून जाईन. मग ओल्या अंगानं एकटेच या घरी!"

प्लंबरने घसा खाकरला. "तर काय झालं, मी होतो सात मजली इमारतीच्या गच्चीवर. पाय सटकला. सहावा मजला गेला, पाचवा गेला, चौथ्यावर खिडकीतल्या बाईशी दोन शब्द बोललो..."

मंडळीत खसखस पिकली. बायकोने पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला.

प्लंबर थांबला. त्याने टाकीच्या कडेवर हात टेकला.

"नाही," तो म्हणाला. "पडलोबिडलो नाही. इमारतही नव्हती. मी एका बेसिनखाली होतो."

आवाज निम्म्यावर आला होता.

"माझा थोरला भाऊ, दादा, जाऊन आठ महिने झाले होते. तीस वर्षं मी आत घुसायचो आणि तो मागून हत्यारं द्यायचा. त्या दिवशी सवयीनं हात मागे केला. म्हटलं, दादा, पाना. हात तसाच राहिला. मग तिथेच आडवं पडून मी देवाला शिव्या घातल्या. चांगल्या तासभर. पाळकसाहेब, इथं सांगण्यासारख्या नव्हत्या."

"बरं, मग?"

"मग संपल्या. आणि लक्षात आलं, मला मध्येच कुणी 'पुरे' म्हणालं नाही. घरी म्हणतात, बाजारात म्हणतात, दादासुद्धा म्हणायचा. माझं बोलणं आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. तिथं कुणीतरी ऐकत होतं."

पाळकसाहेब पुढे झुकले. "उजेड वगैरे काही?"

"माझी बॅटरी होती. तीही विझत आलेली."

"आणि पाना?" खाटकाला राहवेना. "पाना तरी आला असेल ना हातात?"

"कुठला! उठून मीच घेतला."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "एवढंच?"

बायको उठली.

प्लंबरचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, खरंच एवढंच आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "वाढवू का थोडं?"

ती दाराकडे वळली नाही. पर्स बाकावरच राहिली. घडी घालून ठेवलेल्या टॉवेलांतला एक तिने उचलला, टाकीशी आली आणि पाण्यात दोन बोटं बुडवून पाहिली.

"नका वाढवू," ती म्हणाली. "उतरा सावकाश. गार आहे."