कधीच न हरलेले वकील

"तुमच्या मातोश्री या खटल्यात आतापर्यंत तीनदा वारल्या आहेत," न्यायाधीशबाई रोजनामा चाळत म्हणाल्या. "आज काय झालं?"

व्यंकटराव वकिलांनी पोटावर हात धरला होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला.

हिंगोलीच्या कोर्टात सव्वीस वर्षं काढून ते एकही खटला हरले नव्हते. जिंकलेही नव्हते, पण ते कोणी विचारत नसे. खटला संपूच द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत. तारीख घ्यायची, पक्षकाराला चहा पाजायचा, एसटीत बसवून द्यायचं. आपण हरलो नाही, एवढं सांगत गावात शिरायला माणसाला बरं वाटतं.

आणि या नव्या बाई म्हणत होत्या, "शेवटची संधी. आज साक्षीदार उभा करा, नाहीतर घर खाली करायचा हुकूम लिहिते."

घर जिवनबाईचं. तांड्यावरची ही विधवा पुढच्या बाकावर बसली होती. पलीकडच्या बाकावर तिचा दीर अमरसिंग. घर माझं आहे, हा त्याचा दावा.

"वकीलसाब, बोला न," तिनं मागून कोट ओढला. "काहून गप झाले? माझं घर जाऊन राहिलं."

व्यंकटरावांनी फाईल सोडायला घेतली. दोरीची गाठ सुटेना. खटल्याच्या अकरा वर्षांत ती सोडायची वेळच आली नव्हती. शेवटी जिवनबाईनं दातांनी सोडून दिली. समोरचे वकील अदबीनं खिडकीबाहेर बघू लागले.

व्यंकटराव वाचू लागले. वाटणीचा कागद होता. घर जिवनबाईच्या नवऱ्याला, असं स्वच्छ लिहिलेलं. वाटणी तांड्याचे नाईक लखमा यांच्यासमोर झालेली. खाली त्यांचा अंगठा.

"बाई," ते कुजबुजले, "तुमची केस तर खरी आहे!"

"मंग मी काय अकरा वर्षं झूट बोलून राहिले होते का?"

"नाईकांना आणा. त्यांनी अंगठा माझा म्हटलं, की घर तुमचं. कुठं आहेत ते?"

"दहा वर्षं आणत होते की. बाहेर लिंबाखाली बसून राहायचे दिवसभर. तुमीच म्हणायचे, नाईक, पुढच्या तारखेला." तिनं सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली. "मागल्या होळीला वारले ते."

"साक्षीदाराचं नाव?" न्यायाधीशबाईंनी पेन उचललं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच व्यंकटरावांना एक खटला जिंकायचा होता. माणूस मेलाय म्हटलं, की हुकूम.

"लखमा नाईक," ते म्हणाले. "पुकारा व्हावा, मॅडम."

शिपाई व्हरांड्यात जाऊन रीतीप्रमाणे ओरडला, "लखमा नाईक हाजिर है?"

कोणी आलं नाही. तो पुन्हा ओरडला. अमरसिंगनंही वळून दाराकडे पाहिलं. नाईकांच्या मयताला त्यानं खांदा दिला होता.

तिसऱ्या पुकाऱ्याला जिवनबाईनं दाराकडे बघत डोक्यावर पदर ओढला आणि बाकावर थोडं सरकून जागा केली.