निवडुंगच होता

"चावी हरवलीये," लल्ला यामना म्हणाली. हात मात्र तिने झग्याच्या खिशावर घट्ट दाबून धरला होता.

"कालही हरवलेलीच होती," शामा म्हणाली.

"मग एका दिवसात सापडते होय?"

जिन्याखाली ते बुटकं दार होतं. आत इमारतीचे विजेचे मीटर. दारासमोर हाज मक्की उभे होते, इमारतीचे नवे सेक्रेटरी, हातात स्क्रूड्रायव्हर. त्यांना शामानेच बोलावून आणलं होतं. आता सगळं उघडं पडणार, या विचाराने तिला नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

सुरुवात झाली होती नकाशापासून. साफी शहरातल्या त्यांच्या गल्लीत, फ्लॅट येण्याआधी कुठे काय होतं, ते शामा शाळेच्या प्रदर्शनासाठी शोधत होती. आणि सापडतही होतं! औषधाच्या दुकानाच्या जागी पावाची भट्टी. मोबाइलवाल्याच्या जागी गाढवांचा तबेला. लोक हाताला धरून जागा दाखवत, आपसांत भांडत. "अगं इथे नव्हे, त्या खांबापलीकडे! याला काय आठवतंय, हा तेव्हा रांगत होता!" फक्त एका चौकोनापाशी सगळ्यांची जीभ एकदम जड व्हायची. तो चौकोन म्हणजे शामाची स्वतःची इमारत.

"तिथे? काही नव्हतं. निवडुंग होता," म्हातारा भट्टीवाला म्हणाला.

"निवडुंग," शिंप्याची बायको म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

यम्माने, म्हणजे शामाच्या आईने तर सार्डिन मासे साफ करता करता मानही वर केली नाही. "काही नव्हतं. निवडुंग होता. तुला काय पडलंय?"

सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं. वर्गात असं झालं की बाई त्याला काय म्हणतात? कॉपी!

तेव्हापासून शामाचा कशावरच विश्वास राहिला नाही. यम्माच्या मेंदीच्या रात्रीच्या हिरव्या कफ्तानाची काठाची पट्टी म्हणे उंदरांनी खाल्ली होती. शामा ही यम्माची फार उशिरा झालेली एकुलती एक. तिच्या बाळपणीच्या लाल लोकरी मोज्यांतला एक मोजाही म्हणे उंदरांनीच पळवला होता. चौथ्या मजल्यावर? आणि इतके चोखंदळ उंदीर? पण उंदरांचं नंतर. आधी यामना.

यामना, जिला सगळे मानाने लल्ला म्हणत, इमारत राखायची, जिने पुसायची आणि जिन्यामागच्या खोलीत राहायची. दर गुरुवारी तिन्हीसांजेला त्या बुटक्या दारातून कुणीतरी बाई ओढणी सावरत बाहेर पडायची. काय, मीटर बघायला गेली होती? उंबऱ्याशी शामाला मेणाचे थेंब सापडले. यामनाच्या बादलीत ओली माती. मेणबत्ती, माती आणि मूग गिळून बसलेली गल्ली! साफीतलं शेंबडं पोरही सांगेल: खजिना. जुन्या पिराच्या जागी सोनं पुरलेलं असतं, अशी तिथे बोलवा आहे. अशा जागेचा नुसता सुगावा लागला तरी कुदळीवाले येतात आणि सगळं उखडून जातात.

"कुणाला खणू देतेस गं आत?" हाज मक्की गरजले. "खड्डा निघाला तर आजच गाठोडं बांधायचं. आणि ही जागा मी सिमेंटने बुजवून टाकतो."

यामनाने शामाकडे फक्त पाहिलं. रागाने नाही. शामाला तेच खटकलं.

यम्मा बाजारातून परत येत होती. पुदिन्याची जुडी हातात तशीच धरून ती पायरीवर थबकली.

"शामा, वर चल."

"थांब ना यम्मा, आत्ता चोर पकडतोय!"

"शामा."

कुलूप निघालं. दार जेमतेम कमरेएवढं. हाज मक्कींचे गुडघे काही वाकेनात. "तू शीर. नीट बघ, आणि असेल ते सांग."

शामा मोबाइलचा दिवा लावून आत सरकली.

मीटर भिंतीवर होते. त्यांच्याखाली फरशी नव्हतीच. तिथे होता एक बुंधा. अंजिराचा, जुना, रांजणाएवढा. झाड कुणीतरी कापलं होतं, पण मूळ उपटायची छाती झाली नव्हती. मग त्याला मध्ये ठेवूनच इमारत उभी केली होती. भोवती ओली माती. कडेने मेणबत्त्यांची थोटकं. सालीच्या फटीतून एक फिकट पान वर आलं होतं. आणि बुंध्यावरच्या खिळ्यांना चिंध्याच चिंध्या. पिराच्या झाडाला मूल मागताना बायका आपल्याच कपड्याची पट्टी बांधतात, हे शामाला माहीत होतं. मूल झालं की त्याच खिळ्याला बाळाचं काहीतरी.

दिवा एका खिळ्यावर थांबला.

हिरवी पट्टी, सोनेरी काठाची. तिला खेटून एक लाल लोकरी मोजा, मुठीत मावेल एवढा.

"काय आहे? खणलंय का?" बाहेरून आवाज आला. "बोल की!"

शामा उलट्या पावली बाहेर आली. गुडघ्यांची माती तिने निघताना आतच झटकली होती. मग दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. पायरीवर यम्माच्या मुठीत पुदिना पार चुरगळला होता.

"उंदीर आहेत, हाज," ती म्हणाली. "फार चोखंदळ."

"आणि ती बादलीतली माती?"

"बिळांची. सिमेंट नको, वायरी आहेत खाली. नवं कुलूप लावा फक्त. चावी लल्ला यामनाकडेच राहू दे, ती नीट हरवते."

हाज मक्की पुटपुटत जिना चढू लागले. मग मध्येच वळले. "त्या तुझ्या नकाशाचं काय झालं मग? इथे पूर्वी काय होतं, कळलं का शेवटी?"

यामनाचा हात पुन्हा खिशावर गेला.

"काही नव्हतं," शामा म्हणाली. "निवडुंग होता."